कुरकुरीचे तण



मागच्या सुगीत, भाताची मळणी आटोपल्यावर, आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सायंकाळच्या वेळी आमच्याकडे आले. नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांच्या संमतीनेच आम्ही ही हकिकत येथे देत आहोत. साडेचार एकर जमीन, विहिरीला बारमाही पाणी, घरात दोन दुभती जनावरे. एकुलता एक मुलगा डिप्लोमा होऊन गोव्यात एका कारखान्यात कामाला लागला होता आणि आता परत यायचे नाव घेत नव्हता. "फादर, तुमी तरी सांगा की त्याला. जमीन पडीक पडायलीय. आमचं तो ऐकत नाही," असे म्हणताना त्या माणसाचा कंठ दाटून आला.

नाताळच्या सुट्टीत मुलगा घरी आला तेव्हा आम्ही त्याला बोलावून घेतले. आईवडिलांची सेवा, पूर्वजांची जमीन, अन्नदात्याचे पवित्र कार्य, असे जे काही धर्मगुरूने सांगायचे असते ते सर्व आम्ही सांगितले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले आणि मग शांतपणे म्हणाला, "फादर, एक विचारू? मी लहानपणापासून बाबांच्या तोंडून त्या शेताबद्दल एक चांगला शब्द ऐकलेला नाही. पाऊस पडला तरी शिव्या, नाही पडला तरी शिव्या. भाव आला तरी रड, नाही आला तरी रड. ज्या कामाला ते स्वतः रोज शाप देतात, त्या कामाला मी परत यावं असं त्यांना का वाटतं?"

आम्ही निरुत्तर झालो. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून बरीच वर्षे शिकलो, पण या प्रश्नाला उत्तर सुचले नाही. कारण त्या बापाला आम्ही ओळखतो. माणूस कष्टाळू आहे, व्यसन नाही, रविवारची मिस्सा चुकवत नाही. परंतु मिस्सा संपल्यावर देवळाबाहेरच्या चिंचेखाली जी बैठक भरते, तिचे अध्यक्षपद बहुधा त्यांच्याकडेच असते. आणि त्या बैठकीत काय चालते हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. खत महाग, मजूर आळशी, सरकार चोर, सून उर्मट, पाऊस उशिरा. रोहिणी कोरडी गेली म्हणून कुरकुर, मृग जादा बरसला म्हणून कुरकुर, आणि म्हाताऱ्या पावसाने चिखलणीला हात दिला तर 'पाठ मोडली' म्हणून कुरकुर.

त्या बैठकीला नावे ठेवण्यापूर्वी आम्हांस आमच्याही पदरात काय आहे ते सांगितले पाहिजे. मुलाचे बोलणे मनात घर करून राहिले, म्हणून चाळीसाच्या काळात, म्हणजे आपल्या प्रायश्चित्तकाळात, आम्ही एक प्रयोग केला. झग्याच्या डाव्या खिशात चिंचोके भरले. दिवसभरात तोंडाने वा मनात कुरकुर झाली की एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा. पहिल्या दिवशी सकाळच्या मिस्सेपासून दुपारच्या जेवणापर्यंत सतरा चिंचोके उजवीकडे गेले होते! वीज गेली म्हणून एक, वेदीसेवक उशिरा आला म्हणून एक, एका ताईंनी वाचन घाईत केले म्हणून एक, आमटीत मीठ कमी म्हणून एक. यांतील एकही दुःख असे नव्हते की ज्याला दुःख म्हणावे. आणि ज्या माणसाने त्या सकाळी वेदीवर उभे राहून अखिल मंडळीच्या वतीने उपकारस्तुती केली, त्याच माणसाचे हे सतरा चिंचोके होते. लाज वाटली.

पवित्र शास्त्रात कुरकुरीची गोष्ट फार जुनी आहे. निर्गम आणि गणना या पुस्तकांत इस्राएल लोकांची कथा आपण ऐकतो. मिसर देशात त्यांच्या पाठीवर विटा थापण्याचे कष्ट होते, चाबूक होता, मुलगे नदीत फेकले जात होते. परमेश्वराने तेथून सोडवले. रानात खायला मान्ना दिला. तो धण्यासारखा बारीक दाणा होता असे शास्त्र सांगते. काही दिवसांनी लोकांना त्या मान्नाचा कंटाळा आला आणि ते मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडू लागले. शेतकऱ्याने ही यादी जरा थांबून वाचावी. काकडी आठवली, कांदा आठवला. विटा आठवल्या नाहीत, चाबूक आठवला नाही. कुरकुर ही अशी खोटी हिशेबनीस आहे. जमेच्या बाजूची पाने फाडते आणि खर्चाची पाने दोनदा लिहिते. आपल्याकडेही 'आमच्या आजोबांच्या वेळी शेती कशी होती' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आजोबांच्या वेळी गावात दवाखाना नव्हता आणि कित्येक घरांत बाळंतपणात बाई दगावत असे, हे मात्र कोणी सांगत नाही.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि आमच्या मते या विषयावर बोलणारे पुष्कळ उपदेशक येथेच चुकतात. 'देवाचे उपकार माना, तक्रार करू नका' असे म्हणून पीडिताचे तोंड बंद करणे हा ख्रिस्ती धर्म नव्हे. तक्रार निराळी आणि कुरकुर निराळी. स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रे देवापुढे मांडलेली गाऱ्हाणीच आहेत. इयोबाने परमेश्वराशी वाद घातला आणि परमेश्वराने शेवटी त्याला नव्हे, तर त्याला शहाणपण शिकवायला आलेल्या मित्रांना दटावले. आपल्या प्रभूने क्रुसावरून पित्याला हाक मारली ती एका विलापस्तोत्राच्या शब्दांतच. मग भेद कोठे? आम्हांस असे वाटते की तक्रार ही ज्याने ऐकावी त्याच्याकडे तोंड करून केलेली असते. कुरकुर पाठ फिरवून केलेली असते. रानातले इस्राएल लोक तंबूंच्या दारांत बसून एकमेकांजवळ रडत होते. मोशे मात्र तोच भार घेऊन थेट परमेश्वराकडे गेला, आणि अगदी कठोर शब्दांत बोलला. 'हा भार मला एकट्याला झेपत नाही, यापेक्षा मला मारून टाक' या अर्थाचे त्याचे बोलणे आहे. देवाने त्याला शिक्षा केली नाही. त्याच्या मदतीला सत्तर वडीलमाणसे दिली.

आता हे आपल्या शेतीला लावून पाहू. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात जो पाऊस झाला तो कोणी विसरणार नाही. बळ्ळारी नाल्याच्या काठची भाताची खाचरे तर त्याआधीही आणि त्यानंतरही कितीदा तरी पाण्याखाली गेली आहेत. त्या शेतकऱ्यांनी 'देवाची इच्छा' म्हणून स्वस्थ बसावे असे आम्ही म्हणणार नाही. गाळ काढा म्हणून अर्ज करणे, पुन्हा करणे, दहा जणांच्या सह्या घेऊन तिसऱ्यांदा करणे ही कुरकुर नव्हे, हे शेजाऱ्यावरचे प्रेम आहे. त्याचप्रमाणे उसाचे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने पैसे द्यावयाचे असतात, आणि त्यापुढे उशीर झाल्यास वर्षाला शेकडा पंधरा दराने व्याज लागू होते. हे किती जणांना ठाऊक आहे? चिंचेखाली वर्षभर बिलाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांपैकी किती जणांनी एक ओळ लिहून दिली? पीकविम्याचेही तसेच. २०१६ पासून जी प्रधानमंत्री पीकविमा योजना चालू आहे, तिच्यात खरिपाच्या अन्नधान्य पिकाला शेतकऱ्याचा हप्ता शेकडा दोनपर्यंतच आहे. कापून शेतात वाळत टाकलेले भात अवकाळी पावसाने भिजले, तर कापणीपासून चौदा दिवसांपर्यंत त्याला संरक्षण मिळू शकते. पण नुकसान बहात्तर तासांच्या आत कळवावे लागते. मागे एका घरी भिजलेल्या भाताच्या पेंढ्या पाहून आम्ही विचारले, कळवले का? उत्तर आले, "काय उपयोग हो फादर, कोन ऐकतंय?" बहात्तर तास कुरकुरीत गेले होते.

म्हणजे कुरकुर करणारा माणूस तक्रार करीत नाही. बोलून वाफ निघून गेली की त्याला काही केल्यासारखे वाटते आणि अर्ज राहतो. भातात बारीक असताना जे तण भातासारखेच दिसते, त्याची ही गोष्ट आहे. दोन्ही हिरवे, दोन्ही खत खाणारे. ओळखायला उशीर झाला तर लोंबी यायच्या वेळीच कळते.

मग उपकारस्तुतीचे काय? आपण तिला एक गोड भावना समजतो. पोट भरल्यावर येणारी. शास्त्रात ती भावना नसून काम आहे. अनुवाद या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमपिकाचा विधी दिला आहे, तो प्रत्येक ख्रिस्ती शेतकऱ्याने घरी वाचावा. शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकापुढे उभा राहतो आणि काय बोलतो? पिकाचे वर्णन करीत नाही. तो आपल्या घराण्याची हकिकत सांगतो. आमचा पूर्वज भटका होता, मिसरात आम्हांला छळले, आम्ही हाक मारली, देवाने ऐकले, ही जमीन दिली, आणि हे तिचे फळ. म्हणजे विटाही आठवायच्या आणि चाबूकही. दुःख झाकायचे नाही. आणि त्यापुढचे वाक्य तर फारच महत्त्वाचे आहे. त्या आनंदात लेवीय आणि तुझ्यामध्ये राहणारा परका यांनाही सामील करून घे, अशी आज्ञा आहे. आपल्याकडे ऊस तोडायला, रताळी काढायला, भात लावायला जे दुसऱ्या तालुक्यांतून येतात ते आपले परके. त्यांची मजुरी शनिवारी संध्याकाळी हातावर ठेवली नाही आणि रविवारी वेदीवर लोंब्या ठेवल्या, तर ती टोपली अर्धीच भरली असे आम्ही म्हणू.

लोंब्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे सांगतो. गोव्यात सासष्टीतील राय गावी ५ ऑगस्टला हिमाची माउली हिच्या देवळात नव्या कणसांचे फेस्त होते. इतर गावी ते पुढे ऑगस्टमध्येच होते. किनाऱ्याकडील अनेक ख्रिस्ती घरांत ८ सप्टेंबरला, पवित्र मारियेच्या जन्मदिनी, आशीर्वादित लोंबीचे दाणे सोलून दुधात वा खिरीत घालतात आणि घरातील प्रत्येकाला देतात; परगावी असलेल्याचा वाटा राखून ठेवतात. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की त्या दिवशी पीक अद्याप घरात आलेले नसते. पुढे कापणी व्हायची असते, पाऊस घात करू शकतो, भाव पडू शकतो. तरीही उपकार आधी मानले जातात.

आणि हेच तर मिस्सेचे मर्म आहे. युखारिस्त हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थच उपकारस्तुती. प्रभूने भाकर घेऊन उपकारस्तुती केली ती कोणत्या रात्री? ज्या रात्री त्याला धरून दिले त्या रात्री. धरून देणारा त्याच मेजाशी बसलेला होता. सारे ठीकठाक झाल्यावर आभार मानू असे प्रभू म्हणाला असता तर आज आपल्याजवळ मिस्सा नसती.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. दहा जण बरे झाले, एक परत आला, आणि तो शोमरोनी होता. आम्हांस त्या नऊ जणांविषयी नेहमी थोडी सहानुभूती वाटते. ते काही दुष्ट नसावेत. कितीतरी दिवसांनी घरी जायला मिळणार, बायकोमुलांना पाहायला मिळणार, म्हणून घाईत निघाले असतील. प्रभूनेही त्यांचे आरोग्य परत काढून घेतले नाही. आपणही बहुतेक त्या नऊ जणांतले. मोटर दुरुस्त झाली की तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही.

आरोग्याचे पान असल्यामुळे त्याबद्दलही लिहिले पाहिजे. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे तीन गट करून दहा आठवडे त्यांना दर आठवड्याला लिहायला सांगितले. एका गटाने ज्यांबद्दल उपकार वाटतात अशा पाचपर्यंत गोष्टी, दुसऱ्याने तितक्याच त्रासाच्या गोष्टी, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. पहिल्या गटातील मुलांनी आपल्या जीवनाविषयी अधिक समाधान सांगितले आणि अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारी कमी सांगितल्या. त्याच अभ्यासात मज्जा-स्नायूंचा आजार जडलेल्या प्रौढांनी एकवीस दिवस रोज असे लिहिले, आणि त्यांना झोप अधिक मिळू लागली. हा काही चमत्कार नव्हे, फरक माफकच होता. रक्तदाबाची गोळी सोडून वही धरावी असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. परंतु रात्री अंथरुणावर पडून कर्जाचे आकडे मोजत कूस बदलणाऱ्याला हे करून पाहायला हरकत नाही. आकडे बदलत नाहीत, पण झोप लागली तर सकाळी बँकेत जाऊन नीट बोलता येते.

आणखी एक गोष्ट, आणि ही आम्ही फार गांभीर्याने लिहीत आहोत. ज्याच्या बोलण्यातून 'आता जगण्यात अर्थ नाही' असे येऊ लागले, जो जेवेनासा झाला, लोकांत मिसळेनासा झाला, तो कुरकुर करीत नाही. तो आजारी आहे. त्याला कृतज्ञतेवर प्रवचन देऊ नये. त्याच्याजवळ बसावे, कीटकनाशकाची बाटली कुलपात ठेवावी, डॉक्टरकडे न्यावे. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत. आमच्या दारावरही मध्यरात्री थाप मारली तरी चालेल. त्या वेळी चिंचोका उजव्या खिशात जाणार नाही, एवढे वचन देतो.

पुन्हा त्या घराकडे वळू. फेब्रुवारीत ते गृहस्थ आम्हांस भेटले तेव्हा मुलाचे बोलणे आम्ही त्यांना सांगितले. मुलाची परवानगी घेतली होती. त्यांना राग आला. "मी काय खोटं बोलायलोय काय फादर? त्रास नाही काय?" असे म्हणून ते उठून गेले आणि दोन रविवार चिंचेखाली दिसले नाहीत. आम्हांस वाटले, माणूस गमावला. तिसऱ्या रविवारी आले आणि म्हणाले, "रोज एक म्हणून चांगली गोष्ट सांगायची, एवढंच ना? पण कुणाला सांगू? बायको हसतीया." आम्ही म्हणालो, मुलाला फोनवर सांगा.

संत इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिची पहिली पायरी पापांची मोजणी ही नसून देवाच्या उपकारांची आठवण ही आहे. १५४२ साली लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी कृतघ्नता हे सर्व पापांचे मूळ असल्याचे मत मांडले आहे. त्या शेतकऱ्याला आम्ही संत इग्नेशियस सांगितले नाहीत. रात्री जपमाळ झाल्यावर मुलाला फोन लावायचा आणि त्या दिवशी शेतात जे एक बरे दिसले ते सांगायचे, इतकेच सांगितले. पहिल्या दिवशी म्हणे त्यांनी सांगितले, "विहिरीला अजून सहा परस पाणी आहे," आणि पुढे काय बोलावे ते न सुचून फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी म्हैस व्याली होती, त्यामुळे सोपे गेले.

मुलगा परत आला काय, असे आपण विचाराल. नाही. तो गोव्यातच आहे, आणि कदाचित तेथेच राहील. त्याचाही संसार आहे, त्याचेही स्वप्न आहे. मात्र या वर्षी भातलावणीला तो चार दिवस रजा काढून आला. बापलेक एका खाचरात चिखलात उभे असलेले आम्ही रस्त्यावरून पाहिले. बाप काहीतरी कुरकुरतच होता, ते लांबूनही कळत होते. पण मुलगा हसत होता.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात जेवणापूर्वी आणि जेवणानंतर क्षणभर थांबून देवाचे आभार मानण्याची जुनी सवय पुन्हा धरा अशी विनंती केली आहे, आणि ज्यांच्या कष्टातून ते अन्न आले त्यांची आठवण या प्रार्थनेने होते असेही म्हटले आहे. शहरातला ख्रिस्ती माणूस ही प्रार्थना करतो तेव्हा ती आठवण तुमचीच असते. तुम्ही स्वतः ती आपल्या घरी करता का, हे घरभेटीच्या वेळी आम्ही विचारणार आहोत.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मगुरुनिवासाच्या व्हरांड्यात विम्याचे व उसाच्या थकीत बिलाचे अर्ज लिहून देण्यासाठी आपल्या तरुण मंडळातील दोघेजण बसतील. येताना जमिनीचा उतारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक आणावे. उसाच्या वजनपावत्या असल्यास त्याही आणाव्यात. चिंचोके आमच्याकडे भरपूर आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी खिसा मोकळा ठेवून यावे.